तीनशेवा चेंडू कुणाचा?

ताई, नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. महिन्याभरापूर्वी मी, माझे मिस्टर आणि आमचा सोळा वर्षांचा मुलगा बेसबॉलची मॅच बघायला गेलो होतो. त्या दिवशी एका खेळाडूचा कारकिर्दीतला ३००वा होम रन (आपल्या षटकारासारखा थेट प्रेक्षकांत जाणारा फटका) आमच्याच स्टँडमध्ये आला. चेंडू आधी पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या ग्लोव्हला लागून उडाला, खुर्च्यांखाली गेला आणि मुलाने वाकून उचलला. त्या गृहस्थांनी त्याची पाठ थोपटली. पाचच मिनिटांत संघाची माणसं आली आणि आम्हाला आत एका खोलीत घेऊन गेली. चेंडू दिलात तर सही केलेली बॅट, दोन जर्सी आणि खेळाडूची भेट, असं म्हणाली. मुलगा म्हणाला, मला विचार करायला वेळ हवा. त्यावर त्यांचा सूर बदलला. चेंडू घेऊन बाहेर गेलात तर हा तोच चेंडू असल्याचं प्रमाणपत्र पुढे कुणी देणार नाही, असं सुनावलं. मिस्टर 'देऊन टाक' म्हणत होते, पण मुलगा ऐकेना. शेवटी आम्ही चेंडू घेऊन घरी आलो.

तेव्हापासून घरात रोज वाद आहेत. मिस्टर म्हणतात, ज्याने मारला त्याचा चेंडू, आणि परक्या देशात येऊन असं अडून बसणं आपल्याला शोभत नाही. मुलाला तो विकून कॉलेजच्या फीला हातभार लावायचाय. सासूबाई साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर विचारतात, दुसऱ्याची वस्तू अजून घरातच का? मंडळातल्या एका ओळखीच्यांनी टॅक्सची भीती घातली आहे. आता संघाची ईमेल आली आहे, पंधरा दिवसांत कळवा म्हणून. चेंडू ठेवावा की परत द्यावा? आणि नाही दिला तर आम्ही लोभी ठरतो का?

एक वाचक, न्यू जर्सी

नमस्कार.

पत्रातली संघाची आणि खेळाडूची नावं मी मुद्दाम गाळली आहेत. मुलाच्या नावाची चर्चा व्हायला नको.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, चेंडू परत न दिल्याने तुम्ही लोभी ठरत नाही. तुमच्या मुलाने कुणाला ढकललं नाही, कुणाच्या हातून हिसकावलं नाही. अनोळखी मोठी माणसं समोर उभी आणि वडीलही विरुद्ध बाजूला, अशा वेळी 'मला विचार करू द्या' एवढंच तो म्हणाला. सोळाव्या वर्षी हे जमणं सोपं नाही. घरातल्या कुणी त्याला हे अजून सांगितलं नसेल तर आज सांगा.

आता सासूबाईंचा प्रश्न. तो मला सगळ्यांत रास्त वाटतो, कारण त्या मुळालाच हात घालतात: वस्तू कुणाची? दुसऱ्याची असेल तर बाकी चर्चाच नको, उद्या सकाळी परत करावी. पण ती दुसऱ्याची नाही, आणि हे मी माझ्या मनाने सांगत नाहीये. एके काळी बेसबॉलमध्येही स्टँडमध्ये गेलेला चेंडू परत मागायची रीत होती. १९२१च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर एका तरुण प्रेक्षकाने फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला, चेंडू पकडला. कर्मचारी मागायला आले तेव्हा त्याने तो त्यांना न देता मागच्या गर्दीत फेकून दिला. त्याला मैदानाबाहेर काढण्यात आलं. त्याने जायंट्स संघाच्या कंपनीवर दावा लावला आणि १०० डॉलरची भरपाई मिळवली. पुढे हळूहळू सगळ्याच संघांनी चेंडू मागणं सोडून दिलं. २००२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका न्यायाधीशांनी तर हे स्पष्टच लिहून ठेवलं: बॅटला लागेपर्यंत चेंडू मेजर लीग बेसबॉलचा (म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगचा), त्यानंतर तो त्यांनी जाणूनबुजून सोडून दिलेली वस्तू, आणि जो पहिल्यांदा तो खऱ्या अर्थाने ताब्यात घेईल तो मालक. सासूबाईंना हे सावकाश समजावून सांगा. त्यांना पटेल असं मला वाटतं, कारण त्यांचा आक्षेप हक्काबद्दल आहे आणि हक्काचं उत्तर इथे स्पष्ट आहे.

तुमच्या मिस्टरांच्या मनात मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या सुट्या करायला हव्यात.

पहिली गोष्ट क्रिकेटची. आपण सगळे ज्या खेळावर वाढलो त्यात षटकार स्टँडमध्ये गेला की लोक चेंडू परत फेकतात. फेकावाच लागतो, कारण क्रिकेटमध्ये चेंडू जुना होणं हा खेळाचाच भाग आहे. किती षटकं झाली, एका बाजूची लकाकी किती राहिली, शिवण किती बसली, यावर पुढची गोलंदाजी ठरते. चेंडू हरवला तर पंच तेवढाच वापरलेला दुसरा शोधतात. बेसबॉलमध्ये याच्या अगदी उलटं. चेंडू जमिनीवर आपटून जरा खरचटला तरी बदलतात, एका मॅचमध्ये शंभराच्या आसपास चेंडू सहज लागतात. स्टँडमध्ये गेलेला चेंडू खेळाला नकोच असतो. शिकागोच्या रिग्ली फील्डवर प्रतिस्पर्ध्याने मारलेला होम रनचा चेंडू प्रेक्षक मैदानात परत भिरकावतात, पण तो त्यांचा राग असतो. आपल्याकडे २ एप्रिल २०११ च्या रात्री धोनीचा षटकार वानखेडेच्या ज्या खुर्च्यांवर उतरला, त्या खुर्च्यांनाच मुंबई क्रिकेट असोसिएशनने पुढे स्मारकाचा मान दिला. अमेरिकेत असा मान चेंडूला मिळतो, आणि तो चेंडू बहुतेक वेळा स्टँडमधल्या कुणा सामान्य माणसाच्या हाती लागलेला असतो. त्यामुळे 'चेंडू परत द्यायचा असतो' हा मिस्टरांचा संस्कार चांगला आहे, पण तो इथल्या खेळाला लागू होत नाही.

दुसरी गोष्ट, 'ज्याने मारला त्याचा'. याला वजन आहे. चेंडूला किंमत आली ती त्या खेळाडूच्या पंधरा-वीस वर्षांच्या मेहनतीमुळे, तुमचा मुलगा तिथे बसला होता म्हणून नव्हे. पण मग खेळाडू स्वतः काय म्हणतात ते बघा.

१ ऑक्टोबर १९६१. यांकी स्टेडियमवर रॉजर मॅरिसने मोसमातला ६१वा होम रन मारून बेब रुथचा १९२७ पासूनचा ६०चा विक्रम मोडला. चेंडू पकडला एका एकोणीस वर्षांच्या ट्रक ड्रायव्हरने. त्या पोराकडे लग्नापुरतेही पैसे नव्हते. तरी त्याने चेंडू मॅरिसला द्यायची तयारी दाखवली. मॅरिसने तो घेतला नाही. तूच ठेव, याचे तुला पैसे मिळतील, असं त्याला सांगितलं. कॅलिफोर्नियातल्या एका हॉटेलमालकाने ५,००० डॉलर देऊन चेंडू घेतला, त्या पैशांवर त्या मुलाचा संसार उभा राहिला आणि हॉटेलमालकाने चेंडू मॅरिसला देऊन टाकला. पुढे तो कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या संग्रहालयात, गेला. ही हकिगत मला फार प्रिय आहे. तिच्यातल्या तिघांपैकी प्रत्येकाने दुसऱ्याचा विचार केला, आणि कुणी कुणाला कोपऱ्यात गाठलं नव्हतं.

आता अलीकडचं. सप्टेंबर २०२२ मध्ये अल्बर्ट पुहोल्सने लॉस एंजेलिसमध्ये ७००वा होम रन मारला. ज्याच्या हाती चेंडू लागला तो प्रेक्षक तो घेऊन निघून गेला. पुहोल्सला विचारलं तेव्हा त्याचं म्हणणं असं होतं की अशा आठवणीच्या वस्तू चाहत्यांसाठीच असतात, त्यांना ठेवायचा असेल तर माझी काही हरकत नाही. तो चेंडू नंतर लिलावात ३,६०,००० डॉलरला गेला. ज्यांनी पराक्रम केला ती माणसं बरेचदा मोकळ्या मनाची असतात. दडपण येतं ते त्यांच्या वतीने चेंडू मागायला आलेल्यांकडून.

म्हणूनच तुमच्या पत्रातल्या त्या खोलीबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे. अशी खोली तुमच्या एकट्यांच्या वाट्याला आलेली नाही. ३ एप्रिल २०२४ ला शोहेई ओहतानीने लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाकडून आपला पहिला होम रन मारला. चेंडू एका महिलेच्या हाती आला. तिने नंतर सांगितलं की सिक्युरिटीच्या लोकांनी तिला नवऱ्यापासून वेगळं करून नेलं, चेंडू घेऊन गेलीस तर आम्ही तो प्रमाणित करणार नाही असं सांगितलं, आणि शेवटी दोन सह्या केलेल्या टोप्या, एक बॅट आणि एक चेंडू यांवर तिची बोळवण झाली. जाणकारांनी त्या चेंडूची किंमत लाखभर डॉलरच्या घरात सांगितली होती. पैशांचं सोडा. आयुष्यातला इतका आनंदाचा क्षण, आणि त्यानंतर तिला कसलं तरी दडपण आठवत राहावं, याचं मला वाईट वाटतं.

डेट्रॉइटची एक गोष्ट याहून बोलकी आहे. मे २०१९ मध्ये याच पुहोल्सने तिथे होम रन मारून कारकिर्दीतली २,०००वी आरबीआय (आपल्या फटक्याने संघाला मिळवून दिलेली धाव) पुरी केली. चेंडू कायद्याच्या एका विद्यार्थ्याला मिळाला. त्याच्याशी ज्या पद्धतीने बोलणं झालं त्याने तो दुखावला आणि चेंडू घेऊन घरी गेला. मैदानाबाहेर गेलेल्या चेंडूची खात्री देता येत नाही म्हणून लीगने प्रमाणपत्र नाकारलं. पुहोल्स तेव्हाही त्याच्याच बाजूने बोलला. काही दिवसांनी त्या विद्यार्थ्याने तोच चेंडू आपल्या दिवंगत बाळाच्या स्मरणार्थ हॉल ऑफ फेमला देऊन टाकला. पैसे मागितले नाहीत. म्हणजे द्यायची इच्छा त्याच्या मनात होतीच. घाई आणि जबरदस्ती झाली तेव्हा ती आटली, स्वतःच्या गतीने विचार करता आला तेव्हा परत आली. तुमच्या मुलाच्या बाबतीत असंच होईल असं नाही, पण होण्याची जागा ठेवा.

प्रमाणपत्राबद्दल संघाच्या माणसांनी सांगितलं ते खोटं नव्हतं, हेही लिहायला हवं. मेजर लीगची ही व्यवस्था २००१ पासून आहे. प्रत्येक मॅचला त्यांचे प्रमाणक हजर असतात, त्यांत बरेचसे पोलीस खात्यात काम केलेले. वस्तू त्यांच्या नजरेसमोरून हलली नसेल तरच ते तिच्यावर क्रमांकाचा होलोग्राम लावतात. तुमचा चेंडू घरी आला, आता ती साखळी तुटली. मोठा टप्पा जवळ आला की पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) खास खूण केलेले चेंडू देण्याची पद्धत आहे. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायर एका मोसमातल्या होम रनच्या विक्रमाकडे निघाला होता तेव्हा आणि २०२२ मध्ये आरन जज हा खेळाडू मोसमात ६० होम रनच्या पुढे गेला तेव्हा असे चेंडू वापरले होते. तुमच्या चेंडूवर खूण आहे का, हे संघालाच विचारा. तिकिटं जपा, बसल्या जागेचा क्रमांक लिहून ठेवा, मुलगा चेंडू उचलताना टीव्हीवर दिसला असेल तर ते चित्रण उतरवून ठेवा, तुमच्या फोनमधले त्या दिवसाचे फोटो पुसू नका. आणि चेंडू हातात घेऊन खेळवणं आजपासून बंद.

पुढच्या रांगेतल्या त्या गृहस्थांचा उल्लेख तुम्ही सहज केला आहे, पण मी तिथे थांबले. ऑक्टोबर २००१ मध्ये बॅरी बाँड्सचा मोसमातला विक्रमी ७३वा होम रन सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टँडमध्ये आला तेव्हा एका माणसाच्या ग्लोव्हमध्ये चेंडू क्षणभर बसला, तोच गर्दी त्याच्यावर कोसळली. चेंडू निसटला आणि स्वतःही गर्दीत खाली पाडल्या गेलेल्या दुसऱ्या माणसाला तो जमिनीवर सापडला. पहिल्याने दावा लावला. वर उल्लेख केलेला निकाल याच खटल्यातला. न्यायाधीशांनी ठरवलं की दोघांचाही हक्क सारखाच खरा, चेंडू विका आणि निम्मे-निम्मे घ्या. दहा लाखांची भाषा चालू होती, लिलावात आले ४,५०,०००. पहिल्याच्या वकिलाची फी त्याच्या वाट्याच्या रकमेपेक्षा जास्त झाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. तुमच्या प्रकरणात चेंडू त्या गृहस्थांच्या ग्लोव्हला फक्त लागून उडाला, कुणी त्यांना ढकललं नाही आणि त्यांनी मुलाची पाठ थोपटली. म्हणजे त्यांच्याकडूनही वाद नाही. मुलाच्या मनात याबद्दल काही टोचत असेल तर तेही मोकळं होऊ दे.

आता पैशांचं बोलू. मुलाने बातम्यांतले आकडे वाचले असणार. ओहतानीचा २०२४ मधला ५०वा होम रन, म्हणजे एकाच मोसमात ५० होम रन आणि ५० चोरलेले बेस (फटक्याची वाट न पाहता धावून गाठलेले पुढचे टप्पे) असा पराक्रम पुरा करणाऱ्या दिवसाचा चेंडू, ४३,९२,००० डॉलरला तैवानच्या एका कंपनीने घेतला. त्या चेंडूवरही मालकीचे दावे झालेच. मॅग्वायरचा १९९८ मधला ७०वा चेंडू तीस लाखांवर गेला होता, आणि तीनच वर्षांत बाँड्सने ७३ मारून तो विक्रमच जुना केला. जजच्या ६२व्या चेंडूसाठी तीस लाखांचा देकार आला असताना मालक थांबला, आणि लिलावात पंधरा लाख मिळाले. हे सगळे विक्रमाचे चेंडू. ३०० होम रन हा मोठाच टप्पा आहे, पण तो दीडशेहून अधिक खेळाडूंनी गाठला आहे, ५००पर्यंत मात्र तिसांहूनही कमी पोहोचले. तुमच्या चेंडूला प्रमाणपत्रही नाही. तेव्हा त्याने कॉलेजची चार वर्षं निघतील अशी आशा मुलाने धरली असेल तर ती आत्ताच जमिनीवर आणा. दोन वेगवेगळ्या लिलावगृहांकडून अंदाज मागवा, तो बहुतेक ठिकाणी फुकट मिळतो. आकडा हाती आल्याशिवाय निर्णय नको. आकडा माहीत असताना दिलेला चेंडू आणि माहीत नसताना दिलेला चेंडू यांत फरक आहे. पहिल्यात मुलाला कळलेलं असतं की आपण काय दिलं.

टॅक्सबद्दल मंडळातल्या गृहस्थांनी घातलेली भीती अर्धीच खरी आहे. १९९८ मध्ये हाच गोंधळ उडाला होता. चेंडू परत देणाऱ्यालाच कर भरावा लागेल की काय अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा आयआरएसने, म्हणजे इथल्या करखात्याने, खुलासा केला: पकडलेला चेंडू लगेच परत देणाऱ्यावर कर नाही, बक्षीस नाकारल्यासारखंच ते. चेंडू विकलात तर नफ्यावर कर आहे, आणि संग्राह्य वस्तू वर्षभराहून जास्त काळ ठेवून विकली तर त्याचा दर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. बदल्यात मिळालेल्या वस्तूंचाही विचार करावा लागतो. जुलै २०११ मध्ये डेरेक जीटरची ३,०००वी हिट (बेसपर्यंत पोहोचवणारा यशस्वी फटका) होम रनच होती. तो चेंडू पकडणाऱ्या तरुणाने काहीही न मागता परत दिला. त्याच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज होतं, तरी. जीटरच्या यांकीज संघाने त्याला मोसमाची उत्तम तिकिटं आणि सह्या केलेल्या वस्तू दिल्या, आणि लगेच वर्तमानपत्रांत हिशेब छापून आले की या भेटींवर त्याला हजारो डॉलर कर बसेल. मग कर भरायला काही कंपन्या पुढे आल्या. तुमचा मुलगा अल्पवयीन आहे, त्यामुळे उत्पन्न कुणाच्या नावावर दाखवायचं हा वेगळा प्रश्न येतो. यासाठी एखाद्या सीपीएकडे (इथला सीए) अर्धा तास बसा, मंडळात विचारू नका.

आता तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. तुमच्या पत्रात 'आम्ही ठेवावा की परत द्यावा' असं आहे. पण चेंडू तुमच्या मुलाने उचलला, तो त्याचा आहे. कायद्याचे व्यवहार तुम्ही सांभाळाल, सल्ला द्याल, धोके दाखवाल. निर्णय त्याचा. तो बारा वर्षांचा असता तर मी वेगळं लिहिलं असतं. सोळाव्या वर्षी हातात आलेली ही पहिलीच मोठी गोष्ट, आणि तिचं काय करायचं हे आईवडिलांनी, आजीने आणि एका संघाच्या ऑफिसने मिळून ठरवलं, तर ती चेंडूपेक्षा मोठी वस्तू त्याच्याकडून गेली असं मी म्हणेन. मिस्टरांना हे कठीण जाईल. 'परक्या देशात शोभत नाही' या वाक्यामागे इतक्या वर्षांचं सांभाळून राहणं आहे. आपण कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये, कुणी बोट दाखवू नये, ही सवय मला कळते आणि तिचा मी आदर करते. पण मुलगा या देशात परका नाही. तो इथल्या स्टँडमध्ये बसून इथला खेळ बघतो आणि इथल्या प्रेक्षकाला जो हक्क आहे तोच त्याला आहे. हक्क नम्रपणे सांगणं म्हणजे अडून बसणं नव्हे. वडिलांनी त्याच्या शेजारी बसून एवढं म्हटलं तरी पुरे, की तू जे ठरवशील त्याच्यामागे मी उभा राहीन.

त्याने मला विचारलं तर मी काय सांगेन? विक्रमाचा, लाखो डॉलरचा चेंडू असता तर बिनदिक्कत विक म्हणाले असते. खेळाडूची कमाई कोटींत, संघाची त्याहून मोठी, आणि एका कुटुंबाचं कर्ज फिटणार असेल तर त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. पण हा चेंडू तसा नाही. बाजारात त्याची किंमत बेताची असण्याची शक्यता आहे, आणि एका माणसाच्या घरात मात्र ती फार मोठी असू शकते. २०२२ मध्ये जजचा ६१वा चेंडू टोरांटोत स्टँडमध्ये न जाता बुलपेनमध्ये (राखीव पिचरांच्या सरावाच्या जागेत) पडला, म्हणून सहज परत मिळाला. त्याने तो आईला दिला. अशा चेंडूचं खेळाडू बहुधा असंच काही करतात. म्हणून माझा कल देण्याकडे आहे, पण तीन गोष्टी जुळल्या तरच. लिलावगृहांचे आकडे हाती आलेले असावेत. चेंडू खेळाडूला स्वतःला हवा आहे हे त्याच्याकडून कळावं, संघाच्या ऑफिसकडून नव्हे, कारण संघाला तो आपल्या काचेच्या कपाटासाठी हवा असू शकतो. आणि मुलाने तो स्वतःच्या हाताने खेळाडूच्या हातात द्यावा.

तिसऱ्या अटीवर मी जास्त जोर देते. १९७६ मध्ये हँक आरनचा कारकिर्दीतला शेवटचा, ७५५वा होम रन मिलवॉकीत एका मैदान कर्मचाऱ्याला मिळाला. त्याला तो आरनला स्वतः भेटून द्यायचा होता. भेट घालून दिली नाही, त्याने चेंडू सोडला नाही, तर दुसऱ्या दिवशी नोकरीवरून काढलं आणि पगारातून चेंडूचे पाच डॉलर कापले. १९९९ मध्ये तो चेंडू ६,५०,००० डॉलरला विकला गेला आणि त्या माणसाने त्यातला काही भाग आरनच्याच संस्थेला दिला. पाच मिनिटांची भेट एवढंच त्याचं मागणं होतं.

बदल्यात काही मागायचं की नाही, हेही मुलानेच ठरवावं, आणि मागितलं तर संकोचाने मागू नये. २०१५ मध्ये ॲलेक्स रॉड्रिगेझच्या ३,०००व्या हिटचा चेंडू मिळालेल्या प्रेक्षकाने आधी नकार दिला, पुढे यांकीजनी मुलांना बेसबॉलचं साहित्य पुरवणाऱ्या एका संस्थेला १,५०,००० डॉलर द्यायचं कबूल केलं तेव्हा चेंडू दिला. तुमच्या मुलाच्या शाळेच्या टीमला साहित्य हवं असेल, किंवा त्याला खेळाडूबरोबर मैदानात दहा मिनिटं चेंडू फेकाफेकी करायची असेल, तर तसं सांगावं. त्याने ठरवलं की ठेवायचा, तर तोही निर्णय पूर्ण आहे, त्याच्यापाठी रोज पुन्हा विषय काढू नका. कूपरस्टाउन तुमच्यापासून गाडीने काही तासांवर आहे. तिथलं हॉल ऑफ फेम वस्तू विकत घेत नाही, देणगी म्हणून स्वीकारतं. निर्णयाआधी एखाद्या शनिवारी त्याला तिथे घेऊन जा, आणि जमलं तर त्याचे बाबाच घेऊन जाऊ देत.

ईमेलमधली पंधरा दिवसांची मुदत संघाने घातलेली आहे, तुमच्यावर ती बंधनकारक नाही. उत्तर मात्र मुदतीत द्या, कारण गप्प राहिलं की समोरचा वाईट अर्थ काढतो. मुलगा अल्पवयीन असल्यामुळे पत्र तुमच्या सहीने जाऊ दे, मजकूर त्याने लिहावा. चेंडू सुरक्षित आहे, आम्ही विचार करतो आहोत, अमुक तारखेपर्यंत कळवू. चेंडूवर खूण होती का ते कृपया सांगा. आणि खेळाडूला तो हवा असेल तर त्यांनी स्वतः दोन ओळी लिहिल्या तर मला आवडेल. एवढंच पुरे. मिस्टरांनी पाठवण्याआधी ते वाचावं, पण दुरुस्त्या स्पेलिंगपुरत्याच कराव्यात.